थेंबाचा शंभरावा भाग

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तानपुरा घ्यायला दोन प्रकारची माणसं येतात. पहिली भोपळ्याचा गोल बघतात, दांडीवरची वेलबुट्टी बघतात, पॉलिशवरून बोट फिरवतात आणि किंमत विचारतात. दुसरी वाद्य जवळ घेऊन बसतात, डोळे मिटतात आणि एकच तार पुन्हा पुन्हा छेडतात. घोडीच्या माथ्यावरून ती तार कशी सुटते, तारेखालचा दोरा केसभर सरकवला की नाद कुठे उमलतो, हे ऐकत राहतात. त्याला जवारी म्हणतात. एकाच कारागिराच्या दोन तानपुऱ्यांची जवारी निराळी निघते, आणि एका गळ्याला मानवलेली जवारी दुसऱ्याला मानवेलच असं नसतं.

लंडनमधल्या आमच्या डायबेटिस क्लिनिकच्या टेबलावर चार इन्सुलिन पंप ओळीनं मांडलेले पाहिले, तेव्हा मला ती गल्ली आठवली. माझ्या जुन्या पंपाची चार वर्षांची हमी संपली होती. नर्सनं चारही पंप माझ्यापुढे सरकवले, शेजारी गुळगुळीत माहितीपत्रकांचा गठ्ठा ठेवला आणि म्हणाली, घाई नाही, हाताळून बघ. माहितीपत्रकं म्हणजे पॉलिश. मला तार छेडून बघायची होती.

पंपाचं रसग्रहण ही कल्पना काहींना चमत्कारिक वाटेल. ही कविता नाही, चित्र नाही. औषध सोडणारी एक डबी आहे. पण जी वस्तू झोपेत, स्वयंपाकात, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत सतत अंगाला लागून राहणार, तिच्याकडे कवितेइतकं लक्ष देऊन पाहायला हरकत कसली? आपण नथीचा मोती यापेक्षा जास्त वेळ पारखतो, आणि नथ तर रात्री काढून ठेवायची असते.

आधी हे यंत्र काय करायला निघालं आहे, ते पाहू. टाइप वन डायबेटिसमध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या बीटा पेशी नष्ट करते. या पेशी दोन कामं करतात. दिवसरात्र, काही खाल्लं नाही तरी, इन्सुलिनची बारीक धार चालू ठेवतात. आणि घास पोटात गेला की तेवढ्यापुरतं जास्त सोडतात. पंपाच्या भाषेत पहिलं बेसल, दुसरं बोलस. मैफलीत बसलेल्याला समजावून सांगायचं तर बेसल हा तानपुरा, बोलस ही तान. पंपात फक्त जलद काम करणारं इन्सुलिन भरतात आणि तेच थोडंथोडं सोडत राहून तानपुराही त्यातूनच वाजवतात.

मला हा आजार १९८६ साली मिरजेत झाला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. शुगर तपासायची म्हणजे परीक्षानळीत निळं बेनेडिक्ट द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर ठीक. हिरवं, पिवळं, नारिंगी, शेवटी विटकरी झालं की आई गप्प व्हायची. काचेची सिरिंज पातेल्यात उकळून निघायची. इन्सुलिनच्या कुपीत दर मिलिलिटरला ४० युनिट असायचे. इंग्लंडमध्ये आल्यावर ते १०० झाले, आणि सवयीच्या हाताला नव्यानं मोजायला शिकावं लागलं. शुगर काटेकोर ठेवली तर डोळे वाचतात हे त्या वेळी कुणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. ते १४४१ जणांवर केलेल्या अमेरिकेतल्या डीसीसीटी या अभ्यासानं १९९३ मध्ये सिद्ध केलं. काटेकोर उपचार घेणाऱ्यांत दृष्टिपटलाचा विकार उद्भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी आढळला. माझी पहिली सात वर्षं तोवर उलटून गेली होती.

म्हणून पंपाकडे बघताना मला सगळ्यात आधी त्याचा थेंब दिसतो. १०० युनिटच्या इन्सुलिनमध्ये एक युनिट म्हणजे मिलिलिटरचा शंभरावा भाग. पाण्याचा साधा थेंब मिलिलिटरच्या विसाव्या भागाएवढा धरला, तर त्यात पाच युनिट मावतात. मला मध्यरात्री ताशी ०.४ युनिट लागतं. म्हणजे एकच थेंब साडेबारा तास पुरवून पुरवून वापरायचा! टेबलावरचा ऑम्निपॉड एका ठेक्याला ०.०५ युनिट सोडतो. हा झाला थेंबाचा शंभरावा भाग. बेनेडिक्टच्या नळीत आठ थेंब मोजताना जिचा हात थरथरायचा त्या मुलीला हे सांगितलं असतं, तर तिनं विश्वास ठेवला नसता. या यंत्राचं पहिलं सौंदर्यस्थळ हेच. सराफाचा तराजू जिथे थांबतो, तिथून याचं काम सुरू होतं.

हे एका दिवसात जमलेलं नाही. १९६३ च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या डॉ. अर्नोल्ड कॅडिश यांनी जे यंत्र घडवलं, ते सैनिकासारखं पाठीवर बांधून वागवावं लागे. पुढे डीन केमन यांच्या ऑटोसिरिंज कंपनीचा पंप आला. त्याला लोक ‘निळी वीट’ म्हणत. इकडे लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये जॉन पिकप आणि हॅरी कीन यांनी ‘मिल हिल इन्फ्युझर’ नावाचा छोटा पंप वापरून त्वचेखाली सतत इन्सुलिन सोडण्याचा प्रयोग केला आणि १९७८ मध्ये तो ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला. लंडन ब्रिज स्टेशनात उतरले की गाइजचा मनोरा दिसतो. तिथून जाताना माझा हात आपोआप कमरेच्या पंपाकडे जातो, देवळावरून जाताना जातो तसा.

मात्र हे सगळे पंप आंधळे होते. सांगितलेलं सोडायचे, पुढे काय झालं ते त्यांना दिसत नसे. त्यांना डोळे मिळाले ते सेन्सरमुळे. दंडावर चिकटवलेला सेन्सर त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो. दर पाच मिनिटांनी एक म्हणजे दिवसाला २८८ आकडे देतो. या आकड्यांवरून पंपानं स्वतःच बेसल कमीजास्त करायचं, ही सोय असलेल्या पहिल्या पंपाला, मिनिमेड ६७०जीला, अमेरिकेत २०१६ च्या सप्टेंबरमध्ये मान्यता मिळाली. जेवणाचं मात्र आपणच सांगायचं, म्हणून याला अर्धस्वयंचलित किंवा हायब्रिड लूप म्हणतात. इंग्लंडमध्ये डिसेंबर २०२३ मध्ये नाइस या संस्थेनं लूपची शिफारस केली आणि एप्रिल २०२४ पासून सरकारी आरोग्यसेवेनं पाच वर्षांच्या कार्यक्रमात ते द्यायला सुरुवात केली. त्यामुळेच माझ्यापुढे टेबल मांडलं गेलं.

इथून पंपाचं वाचन बदलतं. आता फक्त थेंब किती बारीक, एवढं पाहून भागत नाही. थेंब कधी सोडायचा, कधी आवरायचा, हे तो कसं ठरवतो ते पाहावं लागतं. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, दिवसा शाळामास्तर आणि संध्याकाळी तबल्याचे साथीदार होते. कुठल्या गवयाला कसली साथ लागते हे ते पहिल्या पाच मिनिटांत ओळखत. काहींना भरीव ठेका हवा असतो, काहींना नुसता आधार. ‘साथीदारानं आधी ऐकावं, मग वाजवावं,’ असं म्हणत. टेबलावरच्या चार पंपांकडे मी अण्णांच्या कानानं पाहायचं ठरवलं.

पहिला मिनिमेड ७८०जी. जाडजूड, बटणांचा, खिशात ठेवला तर ‘मी इथे आहे’ असं सांगणारा. यात ३०० युनिट मावतात, साधा पेन्सिल सेल लागतो, आणि पाण्यातही तो निर्धास्त असतो. साथ करण्याची त्याची रीत आक्रमक आहे. लक्ष्य म्हणून १००, ११० किंवा १२० असा आकडा आपण निवडायचा; मग तो दर पाच मिनिटांनी बेसल तर बदलतोच, शिवाय गरज वाटली तर तेवढ्याच वेळानं दुरुस्तीचा छोटा बोलसही देऊ शकतो. जेवणाआधी बोलस द्यायला विसरलेल्या माणसाला असा साथीदार फार उपयोगी. गवई समेवर यायला चुकला, तरी हा ठेका असा दाबून वाजवतो की श्रोत्यांना कळत नाही. मात्र ज्याला आपला ताल स्वतः धरायचा आहे, त्याला तो थोडा वरचढ वाटेल.

दुसरा टॅन्डेमचा टी-स्लिम एक्स टू. काळा, चपटा, रंगीत स्पर्शपडद्याचा. एक, दोन, तीन हे आकडे क्रमानं दाबले की उघडतो. मोबाइलसारखा चार्जिंगला लावायचा. याचं गुणवैशिष्ट्य म्हणजे दूरदृष्टी. कंट्रोल-आयक्यू ही त्याची प्रणाली तीस मिनिटांनंतर शुगर कुठे असेल याचा अंदाज बांधते आणि त्यानुसार धार वाढवते, कमी करते किंवा थांबवते. दुरुस्तीचा बोलस मात्र तो तासाला एकदाच देऊ शकतो, आणि तोही हिशेबानं निघेल त्याच्या साठ टक्केच. म्हणजे दिसतं दूरवर, पण हात आखडता. झोपेसाठी आणि व्यायामासाठी निराळे पवित्रे आहेत. झोपेत तो लक्ष्य अरुंद करतो आणि दुरुस्तीचे बोलस देतच नाही. फक्त बेसलवर काम भागवतो. रात्री तान घेऊ नये, नुसता षड्ज धरावा, हे त्याला कळलं आहे. हा संयम मला मनापासून आवडला.

तिसरा ऑम्निपॉड ५. हा एकटाच बाहेरच्या नळीविना. अंड्याच्या अर्ध्या टरफलाएवढा पॉड, त्यात २०० युनिटपर्यंत इन्सुलिन भरायचं, दंडावर किंवा पोटावर चिकटवायचा आणि तीन दिवसांनी काढून टाकायचा. लावताना एक क्षण फार नाट्यमय असतो. आपण बटण दाबतो, पॉड टक टक आवाज करत राहतो, आपण श्वास धरून बसतो, आणि अचानक सुई आत जाऊन परत येते, मागे मऊ नळी ठेवून. लहान मुलांना हे आधी सांगून ठेवावं. बाहेर नळी नसल्यामुळे दाराच्या कडीत काही अडकत नाही. साडी नेसणारीला याचं मोल लगेच कळतं: निऱ्या खोचताना नळीचा विचार करायला नको. क्लिनिकनं सुई नसलेला नमुना पॉड दिला होता, तो तीन दिवस लावून मी सगळी कामं केली. दुसऱ्या दिवशी विसरूनही गेले. मग आठवण आली ती कचऱ्याच्या डब्यापाशी. दर तीन दिवसांनी बॅटरीसकट एक अख्खं यंत्र टाकून द्यायचं, हे काचेची सिरिंज वर्षानुवर्षं उकळून वापरलेल्या बाईला जड जातं. हा दोष यंत्राचा की माझ्या संस्काराचा, ते मला ठरवता आलं नाही.

चौथा माझ्याकडे टेबलाच्या कडेला बसून पाहत होता. स्वित्झर्लंडच्या बुर्गडॉर्फ गावातल्या इप्सोमेड कंपनीनं घडवलेला इप्सोपंप. भरलेल्या कार्ट्रिजसह आणि सेलसह वजन ८३ ग्रॅम. मुठीत मावतो. काळ्या पडद्यावर वाक्य नाही, शब्द नाही. फक्त चिन्हं आणि आकडे. मला पहिल्यांदा हे गरीब वाटलं. मग मिरजेच्या आईची आठवण झाली, इंग्रजी न वाचता घड्याळ वाचणारी. हा पंप तिलाही चालवता आला असता. ज्या यंत्राला भाषांतर लागत नाही, त्यानं आपल्या वाचकांविषयी विचार केलेला असतो. इन्सुलिन आधीच भरलेली काचेची कार्ट्रिजही मिळते. सिरिंजनं ओढताना येणारे हवेचे बुडबुडे काढत बसण्याची कटकट कमी होते. पोटाला लावायचा सेट बसवल्यावर पूर्ण वर्तुळात फिरतो, त्यामुळे झोपेत कूस बदलली तरी नळीला पीळ पडत नाही. कुणीतरी झोपलेल्या माणसाचा विचार करून हे केलं आहे.

पण इप्सोपंप स्वतः निर्णय घेत नाही. त्याचा मेंदू फोनमध्ये असतो. कॅमएपीएस एफएक्स हे अॅप केंब्रिज विद्यापीठातल्या प्राध्यापक रोमन होवोर्का यांच्या संशोधनातून आलं. युरोपात २०२० मध्ये मान्यता मिळाली, तीही एक वर्षावरच्या मुलांपासून गरोदर स्त्रियांपर्यंत. सुरुवातीला ते आपलं वजन आणि दिवसभराचं एकूण इन्सुलिन एवढंच विचारतं. मग दर आठ ते बारा मिनिटांनी पंपाला नवा हुकूम देतं आणि दिवसागणिक आपल्याला शिकत जातं. इथे बेसलचा ठरीव ठेका मागे पडतो. जागोजागी थांबणारी, वाढणारी, विरणारी एक धार उरते. पुढे हे अॅप वापरू लागल्यावर माझ्या पहिल्या आठवड्याचा आलेख पाहून नर्स म्हणाली, सवय व्हायला वेळ लागेल. मला तो आलेख मिंडेच्या रेषेसारखा दिसला.

या अॅपमधली मला सगळ्यात आवडलेली दोन बटणं सांगते: ‘बूस्ट’ आणि ‘ईझ-ऑफ’. सर्दी झाली, ताण आहे, शुगर हट्टानं वर राहते आहे: बूस्ट दाबायचं, धार जोर धरते. बागेत खणायला जायचं आहे, बाजारात पायी जायचं आहे: ईझ-ऑफ, धार सैल होते. आकडा सांगावा लागत नाही. ‘जरा चढवा’, ‘जरा उतरवा’ एवढंच. गायक साथीदाराला डोळ्यानं जसं खुणावतो, तसं. इतर पंपही ही कामं आपापल्या मार्गानं करतात, पण इतक्या कमी शब्दांत मला सांगायला लावलं ते यानंच. अमेरिकेत आयलेट नावाचा पंप निघाला आहे, त्यात तर जेवणाचे ग्रॅमही मोजायचे नाहीत; नेहमीसारखं, जास्त की कमी, एवढंच सांगायचं. एड डॅमियानो यांचा मुलगा अकरा महिन्यांचा असताना त्याला टाइप वन झाला, आणि त्या बापानं हा पंप घडवण्याचा ध्यास घेतला. तो माझ्या टेबलावर नव्हता, म्हणून त्याच्याविषयी इथेच थांबते.

खरी परीक्षा पुरणपोळीची. घरच्या एका पोळीत, माझ्या तराजूच्या हिशेबानं, चाळीसेक ग्रॅम कार्ब असतं. पण प्रश्न किती याचा नाही, केव्हा याचा आहे. गूळ-साखर लगेच रक्तात उतरते. डाळ आणि वरचं साजूक तूप यांच्यामुळे बाकीचं तासन्‌तास उशिरा येतं. सगळा बोलस आधी दिला तर मध्येच हायपो, म्हणजे शुगर एकदम खाली; नाही दिला तर मध्यरात्री डोंगर. साध्या पंपात याला उपाय होता: बोलस लांबवायचा, थोडा आत्ता, उरलेला पसरून. लूपवर गेल्यावर प्रत्येकानं ही सोय निराळी ठेवली. टॅन्डेमच्या स्वयंचलित रीतीतही बोलस लांबवता येतो. ७८०जीच्या आणि ऑम्निपॉडच्या स्वयंचलित रीतीत ही सोय नाही. तिथे उशिराची चढण यंत्राच्या स्वतःच्या दुरुस्तीवर सोपवायची. केंब्रिजच्या अॅपमध्ये ‘सावकाश पचणारं जेवण’ असा एक पर्याय आहे. त्यात आपण अॅपच्या कानात फक्त सांगून ठेवतो की मागून काहीतरी येतं आहे. होळीच्या दिवशी मी दोन पोळ्या, तुपासकट, या पर्यायावर खाल्ल्या. चढण आली, पण टेकडीसारखी आली. रात्री दीडला १७० वर जाऊन सावकाश उतरली. सत्तर ते एकशेऐंशी या पट्ट्यात दिवसाचा सत्तर टक्के वेळ, म्हणजे सतरा तास, घालवणं चांगलं मानतात. त्या होळीला मी पट्ट्यातच राहिले. पोळी हा एका दिवसाचा पुरावा, तेवढ्यावर निकाल देऊ नये, हेही खरं. एका मैफलीवरून गवयाची पारख होत नाही.

आता दोषस्थळं. चारही पंपांत एक समान आंधळेपण उरलं आहे, आणि ते मी अंगावर घेऊन शिकले. काही वर्षांपूर्वी घरी गणपती बसले होते, पाहुण्यांची वर्दळ होती. माझ्या तेव्हाच्या पंपाची त्वचेखालची नळी दुपारी दुमडली आणि मला पत्ता नव्हता. पंप मात्र समाधानी होता. त्याच्या लेखी इन्सुलिन गेलं होतं, कारण पिस्टन सरकला होता. नळीत अडथळा आला की दाब वाढतो आणि घंटा वाजते, हे खरं. पण ताशी अर्ध्या युनिटपेक्षा कमी धार असेल तर तेवढा दाब साठायला तास लागतात. आरतीपर्यंत शुगर चारशेवर आणि रक्तात कीटोन, इन्सुलिनच्या तुटवड्याची खूण. इन्सुलिनच्या पेननं इंजेक्शन घेतलं, नळी बदलली, रात्रभर पाणी पीत बसले. पंपात लांब पल्ल्याचं इन्सुलिन नसतं, म्हणून धार तुटली की काही तासांतच शरीर उघडं पडतं. पंप कुठलाही घ्या. पर्समध्ये पेन, घरात कीटोनच्या पट्ट्या आणि शुगर चढत राहिली की आधी नळी बदलायची सवय, एवढं जवळ असलंच पाहिजे.

इप्सोपंपाची स्वतःची दोषस्थळंही आहेत. कार्ट्रिजमध्ये १६० युनिटच मावतात. ज्याला दिवसाला सत्तर-ऐंशी युनिट लागतात त्यानं दुसरीकडे पाहावं. फोन लांब राहिला किंवा त्याची बॅटरी संपली की अॅपचा हुकूम थांबतो आणि पंप आधी भरून ठेवलेल्या बेसलवर परत जातो. म्हणजे तानपुरा वाजत राहतो, पण साथीदार उठून गेलेला असतो. मला फोन विसरायची सवय नाही, म्हणून चाललं. दर तीन दिवसांनी चष्मा कुठे ठेवला ते शोधणाऱ्या माझ्या नवऱ्याला हा पंप मी सुचवला नसता.

आणि इथेच मला सगळ्या वाचनाचा अर्थ लागला. चार तास टेबलाशी बसून मी पंपांचे गुण तपासत होते, पण निवड ठरत होती माझ्या दोषांनी. मी बोलस विसरत नाही. विसरणारी असते तर ७८०जी उचलला असता. मी सकाळी धावायला जात नाही आणि पोहतही नाही; त्यात रमणारी असते तर ऑम्निपॉड. मला सगळं एकाच यंत्रात, फोनविना हवं असतं, तर टी-स्लिम. माझा दोष वेगळा आहे: मला तूप सुटत नाही, आणि दर अर्ध्या तासानं आकड्यांशी भांडायला मला आवडत नाही. मला कमी बोलणारा, कमी शब्दांत ऐकून घेणारा साथीदार हवा होता. मी इप्सोपंप घेतला. जवारी माझ्या गळ्याला जुळली, एवढाच त्याचा अर्थ.

गेल्या महिन्यात पुण्याहून भाचीचा फोन आला. तिला पाच वर्षांपासून टाइप वन आहे, आता पंप घ्यायचा आहे. ‘मावशी, कुठला घेऊ?’ इथे मला टेबल मांडून मिळालं आणि पैसे द्यावे लागले नाहीत. तिच्याकडे टेबलावरचे पर्याय मोजके, पंप लाखांच्या घरात, आणि सेट, सेन्सर यांचा दरमहाचा खर्च वेगळा. नावं सांगून तिला उपयोग नव्हता. मी तिला म्हटलं, डॉक्टरांकडे जाण्याआधी एक आठवडा वही ठेव. कधी बोलस विसरलीस, कधी अंदाज चुकला, कुठल्या जेवणाला नेहमी चढते, रात्री किती वेळा उठलीस, पंप कुठे दडवावासा वाटतो. आणि शेवटच्या पानावर लिही, सेन्सर आणि सेट महिन्याला किती जमतील; कारण सेन्सर परवडला नाही तर लूपचा पंपही आंधळाच. मग प्रत्येक पंपाविषयी एवढंच विचार: ही चूक माझ्याकडून झाली तर हा काय करेल?

ती म्हणाली, ‘म्हणजे पंपाची माहिती नको, माझीच माहिती न्यायची?’

दोन्ही न्यायच्या. पण आधी स्वतःच्या चुकांची वही, मग माहितीपत्रकं.